सगळं माहीत असूनही ऐन वेळी जमत नाही: समोरासमोरचा आणि लहान गटातला संवाद शिकायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. संवादकौशल्यावर भरपूर वाचन झालं आहे, दोन दिवसांची कार्यशाळाही करून झाली आहे. नीट ऐकावं, मध्ये तोडू नये, आरोप करू नये हे सगळं पाठ आहे. तरीही जवळच्या सहकाऱ्याशी बोलताना पाचव्या वाक्याला वाद सुरू होतो, आणि सहा-सात जणांच्या बैठकीत मुद्दा ओठावर येईपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो. हे शिकून येतं की मुळात स्वभावातच असावं लागतं? आणि शिकून येत असेल तर सुरुवात कुठून करायची, किती दिवस लागतात?

शिकून येतं. पण वाचलेलं ऐन वेळी का उपयोगी पडत नाही हे आधी समजून घ्या, कारण सरावाची पुढची सगळी आखणी त्यावरच उभी आहे. २००९ मध्ये दहा वेगवेगळ्या भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर त्यात मोजलं होतं. सगळ्या भाषांत मिळून ते सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. उलट एखाद्या वस्तूचं चित्र पाहून तिचं नाव उच्चारायला आपल्याला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ उघड आहे: समोरचा बोलत असतानाच आपण उत्तराची जुळवाजुळव सुरू केलेली असते. त्या धांदलीत ‘आता मला शांतपणे ऐकायचं आहे’ हा नियम आठवून तो लागू करायला फुरसत कुठली? तोंडातून बाहेर पडते ती सवय. म्हणून एका वेळी एकच लहान सवय बदलायची, ती मोजायची आणि ती अंगवळणी पडल्यावरच पुढची घ्यायची. कार्यशाळेत दोन दिवसांत वीस गोष्टी सांगितल्या जातात आणि त्यातली एकही टिकत नाही, त्याचं कारण हेच आहे.

आधी मोजमाप

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. समोरच्याची स्पष्ट परवानगी घ्या आणि रोजच्या कामाचं एक संभाषण मोबाइलवर पंधरा मिनिटं रेकॉर्ड करा. सुरुवातीची पाच मिनिटं लोक जपून बोलतात, तेवढी सोडून द्या. पुढच्या पाच मिनिटांतला शब्द न् शब्द लिहून काढा, अगदी ‘हं’, ‘म्हणजे’, अर्धवट सुटलेली वाक्यंसुद्धा. पाच मिनिटांचं बोलणं लिहायला पाऊण तास ते एक तास सहज जातो. हे काम कंटाळवाणं आहे, पण यातून जे दिसतं ते इतर कुठल्याही मार्गाने दिसत नाही.

मग मोजा. एकूण वेळेपैकी तुम्ही किती वेळ बोललात? प्रश्न किती विचारलेत, आणि त्यातले किती ‘हो-नाही’वर संपणारे होते? समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत किती वेळा सुरुवात केलीत? तुमची किती वाक्यं ‘पण’, ‘नाही’ किंवा ‘तसं नाही’ने सुरू झाली? हा शेवटचा आकडा बहुतेकांना हादरवतो. स्वतःला समजूतदार समजणाऱ्या माणसाच्या पाच मिनिटांत आठ-दहा ‘पण’ निघणं अजिबात दुर्मीळ नाही.

रेकॉर्डिंगमधला स्वतःचा आवाज परका वाटेल. बोलताना आपण आपला आवाज कवटीच्या हाडांमधूनही ऐकतो, रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो, एवढंच त्यामागचं कारण आहे. दोन-तीनदा ऐकलं की ते जातं. आवाजाच्या पोतावर वेळ घालवू नका, आकड्यांकडे बघा.

पहिली सवय: थांबणं

सुरुवात इथून करा, कारण बाकी सगळ्याला लागणारी जागा यातूनच मिळते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या प्रश्नोत्तरांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदही थांबत नव्हते. हेच थांबणं तीन सेकंदांच्या वर नेलं तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, ‘मला माहीत नाही’ कमी झालं, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद कागदावर किरकोळ दिसतात. प्रत्यक्ष बोलताना ते युगासारखे वाटतात, म्हणूनच सराव लागतो.

पद्धत सोपी आहे. समोरच्याचं वाक्य संपलं की एक श्वास पूर्ण बाहेर सोडा आणि मगच बोला. मनात आकडे मोजू नका. मोजायला लागलात की लक्ष समोरच्यावरून उडतं. रोज दहा-दहा मिनिटांची दोन संभाषणं निवडा, तीही हलकी, वादाची नकोत. दोन ते तीन आठवडे एवढंच करा. एक बदल लगेच जाणवेल. पुष्कळदा समोरच्याचं वाक्य ‘संपलेलं’ नसतं. तुम्ही थांबलात की तो पुढे बोलतो, आणि खरी गोष्ट त्या पुढच्या वाक्यात असते.

यात चुका कुठे होतात? थांबताना चेहरा दगडासारखा ठेवला तर समोरच्याला वाटतं आपली परीक्षा चालली आहे. नजर मऊ ठेवा, मान हलकेच एकदा हलवली तरी पुरे. दुसरी चूक म्हणजे फोनवर आणि व्हिडिओ कॉलवर हेच जसंच्या तसं करणं. तिथे आवाज पोचायलाच उशीर होतो, त्यात तुमची शांतता मिसळली की समोरचा ‘हॅलो, येतोय का आवाज?’ विचारतो. अशा वेळी ‘हं, विचार करतोय’ एवढं म्हणून मग थांबा. आणि गटात हा सराव करूच नका. तिथे तीन सेकंद थांबणाऱ्याची पाळी दुसरा घेऊन जातो. गटाचं गणित निराळं आहे, त्याकडे पुढे येतो.

दुसरी सवय: ऐकलेलं परत सांगणं

समोरच्याने काय म्हटलं ते आपल्या शब्दांत त्यालाच परत सांगायचं. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये ‘सक्रिय श्रवण’ या नावाने हे मांडलं, आणि तेव्हापासून ते प्रत्येक कार्यशाळेत शिकवलं जातं. बहुतेक ठिकाणी त्याची नुसती पोपटपंची होते. म्हणून एक उदाहरण जवळून पाहू.

सहकारी म्हणते, “तारीख बदललीस आणि मला शेवटच्या दिवशी सांगितलंस. आता पुढच्या लोकांना मी काय सांगू?”

सवयीचं उत्तर: “पण मी मेल केला होता ना.” यातला ‘पण’ तिच्या सगळ्या बोलण्यावर काट मारतो. ती पुढचं वाक्य मेल कधी आला, कुणाला आला यावर बोलणार, आणि पाच मिनिटांत विषय मेलचा झालेला असेल.

पोपटी उत्तर: “म्हणजे तुझं म्हणणं असं आहे की मी तारीख बदलली आणि तुला शेवटच्या दिवशी सांगितलं.” शब्द तेच आहेत. ऐकणाऱ्याला ही चेष्टा वाटते.

कामाचं उत्तर: “तारीख बदलली त्यापेक्षा तुला उशिरा कळलं, आणि आता त्यांच्यासमोर तू तोंडघशी पडलीस, हे जास्त लागलंय.”

यावर ती बहुधा म्हणेल, “हो ना. तारीख काय, बदलतेच. पण त्यांना मी कालच शब्द दिला होता.” इथे पहिल्यांदा कामाची माहिती बाहेर आली: तिने शब्द दिला होता. आता सोडवायचा प्रश्न तारखेचा उरला नाही. त्या लोकांना काय कळवायचं आणि कोणी कळवायचं, हा प्रश्न आहे. मेल पाठवला होता हे सांगायचंच असेल तर ते यानंतर सांगा. तेव्हा ते ऐकलं जातं.

तुमचं पुनर्कथन तिच्या बोलण्याच्या एक तृतीयांशाहून लांब नको. तिने न वापरलेला पण तिच्या बोलण्यात दडलेला एक शब्द त्यात असावा, इथे तो ‘तोंडघशी’ आहे. वाक्य खाली उतरत्या स्वरात संपवा. स्वर वर गेला की ती उलटतपासणी होते. जमलं की नाही हे ओळखायची खूण एकच: समोरचा ‘हो’ म्हणून आणखी काही सांगतो. ‘नाही, तसं नाही’ म्हणून दुरुस्त करतो, तेही यशच, कारण गैरसमज आताच सापडला. नुसतं ‘हो’ आणि पुढे शांतता आली तर समजा की पुनर्कथन वरवरचं झालं, किंवा त्यात तुम्ही आपला मुद्दा गुपचूप घुसवलात. ‘म्हणजे मेल न वाचल्यामुळे तुझी पंचाईत झाली’ हे पुनर्कथन नव्हे, तो आरोपच आहे.

हे प्रत्येक वाक्याला करायचं नसतं. तीन ठिकाणी करा: समोरचा तापलेला असेल तेव्हा, एखादी सूचना घेताना आणि आपण असहमती दर्शवणार असू त्याच्या आधी. सूचनांच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही. विमानाचा वैमानिक नियंत्रण कक्षाची सूचना तोंडाने परत म्हणून दाखवतो, ती काही सौजन्य म्हणून नव्हे. सांगणाऱ्याला आपलं बोलणं प्रत्यक्षात असतं त्यापेक्षा खूप स्पष्ट वाटत असतं. १९९० मध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी स्टॅनफर्डमध्ये केलेल्या प्रयोगात काही जणांनी ओळखीच्या गाण्यांची लय टेबलावर बोटाने वाजवली. निम्म्या वेळा तरी ऐकणारे गाणं ओळखतील असा त्यांचा अंदाज होता. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल सुरू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. ‘कळलं ना?’ या प्रश्नाचा म्हणूनच काही उपयोग नाही. उत्तर नेहमी ‘हो’च येतं. त्याऐवजी ‘मी नीट सांगितलं का ते बघतो, तू सुरुवात कुठून करशील?’ असं विचारा.

प्रश्न विचारणं

यावर फार वेळ लागत नाही. तीन दुरुस्त्या पुरतात. एका वेळी एकच प्रश्न विचारा. दोन जोडून विचारलेत की लोक सोपा असेल त्याचंच उत्तर देतात. तणावाच्या वेळी ‘का’ टाळा. ‘तू असं का केलंस?’ याचं उत्तर म्हणून माणूस बचाव करतो, तर ‘तेव्हा नेमकं काय झालं?’ याचं उत्तर म्हणून माहिती देतो. आणि नवा प्रश्न तुमच्या यादीतून काढण्याऐवजी त्याच्या शेवटच्या उत्तरातून काढा. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जास्त प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडली, आणि त्यातही उत्तराचा धागा पकडून विचारलेल्या पाठपुराव्याच्या प्रश्नांचा वाटा मोठा होता.

तक्रार आणि अभिप्राय

कॅमेऱ्यात टिपता येईल तेवढंच बोला. ‘तू बेजबाबदार आहेस’ कॅमेऱ्यात येत नाही. ‘सोमवारचा अहवाल बुधवारी दुपारी आला’ येतो. त्यापुढे त्याचा परिणाम सांगा आणि शेवटी एक मागणी ठेवा: ‘त्यामुळे मला बैठकीत जुने आकडे दाखवावे लागले. पुढच्या वेळी उशीर होणार असेल तर सोमवारी सकाळीच एक ओळ कळवशील?’ चार वाक्यांत संपवा. पाचव्या वाक्यापासून जुनी उदाहरणं येऊ लागतात, आणि ‘नेहमी’, ‘कधीच’ हे शब्द आले की समोरचा एक अपवाद शोधून तुमचं सगळंच खोटं पाडतो.

घटना घडल्यापासून दोन-तीन दिवसांत बोला, एकांतात बोला. सुरुवातीला स्तुती, मध्ये दोष, शेवटी पुन्हा स्तुती असा गुंडाळून अभिप्राय देऊ नका. पहिल्या दोन वेळा तो चालतो. नंतर तुम्ही स्तुती केलीत की समोरच्याच्या पोटात गोळा येतो, आणि खऱ्या कौतुकाचीही किंमत जाते. अभिप्राय दिला की सुधारणा होतेच, हेही गृहीत धरू नका. क्लूगर आणि डीनिसी यांनी १९९६ मध्ये शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी अभिप्रायानंतर कामगिरी उलट घसरलेली दिसली. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं की लक्ष कामावरून हटून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की अभिप्रायाचा परिणाम कमी होत जातो. कॅमेऱ्याचा नियम त्यासाठीच आहे.

वाद खूपच पेटला तर वरचं काहीच चालत नाही. हृदयाचे ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की माणूस ऐकू शकत नाही, आणि शरीर शांत व्हायला किमान वीस मिनिटं लागतात, असं जोडप्यांच्या भांडणांवर दीर्घकाळ काम केलेल्या जॉन गॉटमन यांचं सांगणं आहे. तेव्हा थांबा, पण परतीची वेळ सांगून थांबा: ‘मला आत्ता नीट ऐकता येत नाहीये, अर्ध्या तासाने इथेच बोलू.’ वेळ न सांगता निघून गेलात तर ते तोंड फिरवणं होतं. आणि त्या अर्ध्या तासात मनातल्या मनात वाद घोळवत बसू नका, नाहीतर परत येताना तितकेच तापलेले असाल.

इथे एक खुलासा करायलाच हवा, कारण चुकीची गोष्ट फार पसरली आहे. ‘संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, स्वराचा ३८ आणि देहबोलीचा ५५’ हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आले. बोलणाऱ्याच्या आवडी-निवडीची भावना, तीही शब्द आणि स्वर परस्परविरोधी असताना, ऐकणारा कशावरून ओळखतो एवढ्यापुरतेच ते होते. सगळ्या संवादाला ते लागू होत नाहीत, हे स्वतः मेहराबियन यांनी स्पष्ट केलं आहे. हात कसे ठेवावेत यावर महिनोन्महिने खर्च करू नका. शब्दांवर करा.

गटात गणित बदलतं

दोघांत एक नातं असतं. पाच जणांत जोड्या दहा होतात, आठ जणांत अठ्ठावीस. अर्ध्या तासाच्या बैठकीत सहा जण असतील तर समान वाटणीने प्रत्येकाला पाच मिनिटं यायला हवीत, पण ती कधीच समान होत नाही. दोन-तीन जण बहुतेक वेळ घेऊन जातात. हे सगळं त्या २०० मिलिसेकंदांच्या फटीत ठरतं: ज्याचं पहिलं वाक्य आधीच तयार आहे त्याला पाळी मिळते. त्यामुळे गटात गप्प राहणाऱ्याकडे मुद्दे नसतात असं मुळीच नाही, त्याचं पहिलं वाक्य तयार नसतं.

तेव्हा ते तयार ठेवा. बैठकीआधी तीन ओळी लिहा: माझा मुद्दा एका वाक्यात, त्याला एक आधार, आणि गटाकडून मला काय हवं आहे. पहिल्या दहा मिनिटांत एकदा तरी बोला, प्रश्न विचारलात तरी चालेल. जितका उशीर कराल तितकं पहिलं वाक्य जड होत जातं आणि इतरही तुम्हाला श्रोता धरून चालतात. पाळी घेताना शरीर आधी हलू द्या: पुढे झुका, श्वास ऐकू येईल असा घ्या, हातातलं पेन उचला. मग आधीच्या बोलणाऱ्याच्या शब्दाला दुवा द्या. ‘खर्चाबद्दल आत्ता जे आलं, त्यात एक भर घालतो’ या वाक्याने तुम्ही आत शिरता आणि आधीच्यालाही आपलं ऐकलं गेल्याचं समाधान मिळतं. विषय पुढे गेलाच तर मुद्दा गिळू नका. ‘दोन मिनिटं मागे जातो’ हे पूर्णपणे सभ्य वाक्य आहे. कुणी मध्येच तोडलं तर आवाज न चढवता ‘हे वाक्य पूर्ण करतो’ म्हणा आणि खरोखर एकाच वाक्यात संपवा.

दुसऱ्याला पाळी मिळवून देणं हेही तितकंच मोठं कौशल्य आहे, आणि घाबरणाऱ्या माणसाला ते आधी जमतं. सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रसिद्ध प्रयोगांत उघड चुकीच्या बहुमतापुढे लोकांनी सुमारे एक तृतीयांश वेळा मान तुकवली. खरं बोलणारा एक जण जरी सोबतीला दिला, तरी हे प्रमाण झपाट्याने खाली आलं. एखादा एकटा पडून विरोध करत असेल तर ‘मला अजून पटलेलं नाही, पण हे पूर्ण ऐकू या’ इतकंही वाक्य चर्चेची दिशा बदलू शकतं.

रचना बदलली की माणसं बदलावी लागत नाहीत

माझं ठाम मत आहे की लहान गटातल्या निम्म्या अडचणी कोणाच्याच बोलण्यात नसतात, बैठकीच्या पद्धतीत असतात. मोकळी चर्चा जलद बोलणाऱ्यांना झुकतं माप देते. सगळ्यांनी बसून कल्पना सुचवायच्या या पद्धतीपेक्षा तितक्याच माणसांनी एकेकट्याने लिहून मग एकत्र केलेल्या कल्पना जास्त भरतात, हे १९५८ पासूनच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. डील आणि श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये त्याचं मुख्य कारण दाखवलं: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं, आणि थांबताना सुचलेलं निसटतं.

त्यावरचा उपाय डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या पद्धतीत आहे. सहा जणांसाठी तो असा बसवा. प्रश्न एका वाक्यात फळ्यावर लिहा. पाच ते सात मिनिटं सगळे गप्प राहून आपापल्या कागदावर लिहितील. मग फेरी: प्रत्येकाने एका वेळी एकच मुद्दा वाचायचा, समन्वयकाने तो जसाच्या तसा फळ्यावर घ्यायचा, त्यावर भाष्य करायचं नाही; मुद्दे संपेपर्यंत फेऱ्या चालू ठेवायच्या. याला दहा-पंधरा मिनिटं जातात. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं अर्थ स्पष्ट करून घ्यायला. शेवटी प्रत्येकाने आपले पहिले पाच पर्याय क्रमाने कागदावर लिहायचे आणि बेरीज मांडायची. तासाभरात काम होतं. बिघडतं ते बहुधा शांततेच्या पाच मिनिटांत. दुसऱ्याच मिनिटाला कुणीतरी विनोद करतो किंवा वरिष्ठ ‘मला तर वाटतं…’ सुरू करतात. समन्वयकाने ती पाच मिनिटं जिवापाड राखायची. वरिष्ठाचा मुद्दा फेरीत सर्वांत शेवटी घ्या. तो आधी आला की बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून वाचले जातात.

आणखी एक दोष डोळ्यांना दिसत नाही म्हणून जास्त घातक आहे. स्टॅसर आणि टायटस यांनी १९८५ मध्ये दाखवलं की गट सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींवरच बोलत राहतो आणि एकेकट्याकडे असलेली माहिती बाहेर येतच नाही, मग ती निर्णय फिरवणारी का असेना. म्हणून सुरुवातीला मत विचारू नका. ‘या विषयातली कोणती गोष्ट फक्त तुमच्यापर्यंत आली आहे?’ असं प्रत्येकाला विचारा, आणि सगळ्यांचं झाल्यावर मताकडे वळा. मत एकदा दिलं की माणूस त्याच्या बाजूचीच माहिती सांगतो.

गट नवीन असेल तर काही आठवड्यांनी खटके उडतील. ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटाच्या वाटचालीत संघर्षाचा टप्पा मांडला तो याच अनुभवाचा. त्याला वेळापत्रक समजू नका, पण खटके उडाले म्हणून गट फसला असंही समजू नका.

सरावाचा कागद आणि सरावाचा गट

बैठकीतलं बोलणं मोजायला एक कागद पुरतो. रॉबर्ट बेल्स यांनी १९५० मध्ये गटातल्या प्रत्येक उद्गाराची बारा प्रकारांत नोंद करण्याची पद्धत बसवली होती. सरावाला पाच प्रकार पुरे. डावीकडे नावं, वर पाच रकाने: सांगितलं, विचारलं, जोड दिली, विरोध केला, गोळाबेरीज केली. वीस मिनिटं नुसतं बसा आणि प्रत्येक उद्गाराला एक उभी रेघ मारा. उद्गार लांब असला तरी रेघ एकच. पहिल्यांदा हात मागे पडेल, काही उद्गार सुटतील, हरकत नाही. कागदाकडे पाहताच चित्र दिसतं: ‘सांगितलं’चा रकाना रेघांनी भरलेला असतो, ‘विचारलं’मध्ये दोन-तीन, आणि ‘गोळाबेरीज’ बहुधा कोरा. गटात स्वतःची जागा करायला यापेक्षा चांगली वाट नाही, कारण त्या कोऱ्या रकान्यात कुणाशी स्पर्धाच नसते. पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटांनी म्हणा, ‘आतापर्यंत दोन पर्याय आले, खर्चावर एकमत आहे, वेळेवर नाही. बरोबर?’ यासाठी जलद बोलता यावं लागत नाही, नीट ऐकलेलं असावं लागतं.

सरावासाठी चौघं जमवा, आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. एक बोलणारा, एक ऐकणारा, दोन निरीक्षक. आठ मिनिटं संभाषण, चार मिनिटं अभिप्राय, मग भूमिका फिरवायच्या. चार फेऱ्यांना पाऊण तास ते तास लागतो. विषय खरा घ्या, पण दहापैकी तीन-चार इतकाच जड. आयुष्यातला सर्वांत मोठा वाद इथे आणला तर सराव बाजूला राहतो आणि बोलणाराच कोसळतो. काल्पनिक नाटुकलीही नको, त्यात कुणाचंच काही पणाला लागलेलं नसतं. आधी ऐकणाऱ्याने स्वतः सांगायचं की कुठे जमलं आणि कुठे निसटलं. निरीक्षकांनी फक्त लिहून घेतलेली वाक्यं वाचायची: ‘तिसऱ्या मिनिटाला तू दोन प्रश्न जोडून विचारलेस.’ ‘छान होतं’ म्हणायला मनाई. सरावाचे बहुतेक गट त्या एका शब्दाने विझतात.

किती दिवस लागतात? थांबण्याची सवय दोन-तीन आठवड्यांत लागते. पुनर्कथन स्वतःलाच कृत्रिम वाटायचं बंद व्हायला महिना-दीड महिना. गटात पाळी घेणं आणि गोळाबेरीज करणं सहज व्हायला तीन महिने धरा. मध्येच एखाद्या दिवशी थकव्यात किंवा घाईत जुनी सवय उसळून येईल, तेव्हा नवा उपाय शोधत बसू नका, दोन दिवस पुन्हा फक्त थांबण्याचा सराव करा. आणि समोरचा धमकावत असेल, अपमान करत असेल, तर यातलं काहीही त्याच्यावर वापरत बसू नका. तिथे संवाद सुधारायचा नसतो, स्वतःला सुरक्षित करायचं असतं आणि मदत घ्यायची असते.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा पंधरा मिनिटं रेकॉर्ड करा आणि पाच मिनिटं लिहून काढा. तुमच्या ‘पण’ने सुरू होणाऱ्या वाक्यांचा आकडा बघाच, पण त्याच्या शेजारी समोरच्याचं सर्वांत लांब सलग बोलणं किती सेकंदांचं आहे तेही मांडा. पहिल्या नोंदीत ते दहा-बारा सेकंदांचं असेल आणि आता चाळिसाच्या पुढे गेलं असेल, तर पुढची सवय घ्यायला हरकत नाही.